आईची पट्टी

पेंडसेकाकूंनी पन्ह्याच्या ग्लासावर चमचा वाजवला. “हा सूर पेटीतली कुठली पट्टी गं?”

“पांढरी तीन,” शाल्मली म्हणाली. एकीने पेटीवर वाजवून पाहिलं. अगदी बरोबर! चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मग कुणी बांगड्या किणकिणवल्या, कुणी आंबेडाळीची वाटी वाजवली. आठ वर्षांची पोर एकेक पट्टी सांगत राहिली. “शिकवलं नाही हो कुणी, उपजतच आहे!” आई प्रत्येकीला सांगत होती.

शाल्मली मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली. आई मागोमाग आली. तिचा दंड धरून पुटपुटली, “असं उठून येतात का? काय म्हणतील सगळ्या? चल, अजून दोनच.”

“आई, मला तुझीपण पट्टी ओळखता येते.”

आईला हसू आलं. “हो का? कुठली गं माझी?”

“माझी वेणी घालताना बोलतेस ना, तेव्हा काळी एक असते. लोक आले की काळी चार.” शाल्मली खाली बघत म्हणाली, “मला वेणीची आवडते.”

आईने दंड सोडला. त्यावर तिची बोटं उमटली होती. तिला लेकीच्या तोंडाकडे बघवेना.

“अहो, कुठे दडली आमची कलाकार?” बाहेरून काकूंनी हाक मारली.

“आलो हं काकू, आलोच!” आई सवयीने म्हणाली.

शाल्मलीने मान वर केली. पट्टी सांगायची गरजच नव्हती. या वेळी आईलाही ऐकू आलं होतं.