निरोपाचा ठेका

तांदूळ पाखडता पाखडता मुक्ताबाईचे हात थांबले. आतल्या खोलीत ऋषिराजच्या कम्प्युटरवर संबळ वाजत होतं. तेच आवर्तन, परत तेच, परत तेच. काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून ऋषिराज दारात आला, तर सूप पालथं पडलेलं, आईचे केस सुटलेले, आणि ती डोळे मिटून घुमत होती.

ठेका त्याच्या बापाचा, सोनबाचाच. सोनबा पिढीजात गोंधळी. त्याच्या संबळावर बायकांच्या अंगात वारं यायचं आणि शेवटी निरोपाचा ठेका धरून तोच देवीला वाटेला लावायचा. ऋषिराजनं बापाच्या वादनाच्या रेकॉर्डिंगमधला तो निरोप कापून टाकला होता. कम्प्युटरवर तो जी संगीतरचना करत होता, तिला शेवटच नको होता. एकच आवर्तन फिरत राहणार, दर फेरीला केसभर बदलणार. ते ऐकून सोनबा हसला होता. बैल घाण्याला जुंपलास खरा, म्हणाला, सोडणार कोण?

मुक्ताबाईच्या काळजात दिवाळीत स्प्रिंग बसवली होती. तिला जिना चढायचीसुद्धा मनाई होती.

त्यानं धावत जाऊन आवाज बंद केला. आई थांबली नाही. ताल सुटला तसा तिचा श्वासही सुटला, वेडावाकडा धावायला लागला. ओठ काळेनिळे पडले. त्यानं घाबरून पुन्हा सुरू केलं. पाय तालात आले, पण त्या तालाला थांबाच नव्हता.

शेजारची संजीवनी हळदकुंकू घेऊन आली. पाया पडली आणि लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारायला लागली. ऋषिराज म्हणाला, आधी आईला धर. तशी ती दोन पावलं मागं सरली. देवी असताना अंगाला हात लावायचा नसतो, म्हणाली.

सोनबा रात्रीच्या गोंधळासाठी इंदापुरातून सकाळीच पळसदेवला गेला होता. फोन लागला.

"आप्पा, आईला वारं आलंय. उतरंना."

"वाजवतंय कोण?"

"मशीन."

मग सोनबानं तिथंच संबळ पुढं ओढून निरोपाचा ठेका धरला. पण फोनला संबळ म्हणजे गोंगाट वाटला. इकडं तुटकी खरखर तेवढी आली. तेव्हा त्यानं काठ्या टाकल्या आणि तोंडानं बोल म्हणायला लागला. ऋषिराजनं फोन स्पीकरवर टाकला, मशीन बंद केलं, पाण्याचा रिकामा ड्रम पालथा घातला आणि बापाच्या तोंडचा एकेक बोल दोन्ही हातांनी त्यावर वाजवू लागला.

आईची मान गरगर फिरत होती. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. त्यानं डोळे मिटले.

"दमानं," सोनबा बोलांच्या मधनंच म्हणाला. "पाव्हणी हाय ती. उंबऱ्यापतूर हाताला धरून न्यायाची. ढकलायची न्हाय."

ठेका संथ होत गेला. मुक्ताबाईचे खांदे उतरले. पाय अडखळले, आणि भिंतीला टेकत टेकत ती खाली बसली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. सांडलेल्या तांदळाकडं बघून हळहळली. पाणी मागितलं. संजीवनीनं तांब्या पुढं केला.

फोनमधले बोल थांबले. ड्रम थांबला नाही. त्यावर पुन्हा मशीनमधलं तेच आवर्तन उमटत होतं, जलद, आणखी जलद.

"उतरली का गं?" सोनबानं विचारलं.

मुक्ताबाईनं तांब्या तोंडाला लावलाच नाही. ती लेकाच्या मिटल्या डोळ्यांकडं बघत होती.

"माझ्या अंगातनं तर उतरली, अवो," ती म्हणाली, आणि रांगत जाऊन तिनं त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरली. तिच्या मुठींबाहेर त्याची बोटं हलतच राहिली.