सरळ धूर

खंडाळ्याच्या घाटात आबांना गुंगी आली होती, ती त्यांच्याच सत्तर सालच्या मोटारीच्या धुरानं. इंजिनातला धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड तडकला होता. आज वडगावच्या गॅरेजात बजरंग मिस्त्रीनं हवेचा आणि धुराचा, दोन्ही मॅनिफोल्ड नवे बसवले. जुना तडकलेला दाराशी पडला होता.

इंजिन सुरू करून बजरंगनं पेटती उदबत्ती एकेका सांध्याशी धरली. कुठं गळती असली की तिचा धूर हलतो. आज तो सुतासारखा सरळ वर गेला.

“आता बिनघोर घाट चढा, आबा.”

आबांच्या लेकीनं, मानसीनं, महिन्याभरानं मोकळा श्वास घेतला.

उरलेली उदबत्ती बजरंगनं दाराशी जुन्या मॅनिफोल्डच्या भोकात खोचली. तिथं धूर झटके खाऊ लागला, इंजिनाच्या ठोक्यागणिक एक.

“वारं असंल,” बजरंग म्हणाला. बाहेर पान हलत नव्हतं.

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

धुराचे झटके चालूच राहिले.

“बरं झालं काढलास त्याला,” आबा म्हणाले आणि निवांत खुर्चीत टेकले.

दाराशी झटके जोर धरत होते, घाट चढताना गाडी जोर धरते तसे.