तिसरं पुस्तक

सहलीला गेलो तेव्हा नवऱ्याने डोंगरातून कोरफडीसारखं एक रोप उपटून आणलं आणि घरी रोज पाणी घालून घालून ते पार कुजवलं. ते वाचवायचं कसं, हे बघायला मी दोन पुस्तकं आणली. दोन्हींत ते रोपच नव्हतं.

"चांगल्या पुस्तकात असलंतसलं रोपसुद्धा सापडतं, ताई," म्हणत दुकानदाराने तिसरं, जाडजूड पुस्तक काढून दिलं.

घरी आले तर कुंडी रिकामी.

"कचऱ्याच्या गाडीत दिलं सकाळी," नवरा म्हणाला. "कोरफडच ती. दुसरी आणू की."

पुस्तकात फोटो सापडला. तेच जांभळे ठिपके, तेच पिवळे काटे.

 

खाली लिहिलं होतं, 'जगात आता हे एकच रोप उरलं आहे. कुणी उपटून नेऊ नये म्हणून ठिकाण दिलेलं नाही.'