शेवंतीआत्याचे रविवार

वर्तकनगरला एकट्या राहणाऱ्या शेवंतीआत्याला आतड्याचा जुनाट आजार निघाला, तसे आम्ही डोंबिवलीहून दर रविवारी सगळेच्या सगळे तिच्याकडे जायला लागलो. गोळ्या बदलून झाल्या, पण शौचातून रक्त पडायचं काही थांबेना.

मग मी, दहावीतली डॉक्टरीण, तिच्या बाथरूममध्ये एनिमाचा डबा आणि साबणाचं पाणी शोधून काढलं! आत्या पूर्वी प्रसूतिगृहात आया होती. पोट साफ करायची तिची हीच जुनी पद्धत. डॉक्टर मला म्हणाले, "शाब्बास! हा तो आजार नाहीच, साबणाने आतडं आतून भाजलंय. हे बंद केलं की बरं होईल." आणि झालंही! घरी माझं जाम कौतुक झालं, आणि आमचे रविवार मोकळे झाले.

दोन महिन्यांनी काल मी एकटीच तिच्याकडे गेले. आत्याने सवयीने सहा कप काढले, मग चार परत ठेवले.

"आत्या, साबणाचं डॉक्टरांना आधीच सांगायचंस ना गं!"

"त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं, बाळा. मी नाही म्हटलं. बाहेर बाकावर अख्खं घर माझ्यासाठी येऊन बसलेलं ना."