वाळूचा डबा

"भावजी, सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणालात, काहीतरी सांगायचंय. सांगा ना मग एकदाचं!"

"सांगतो वहिनी. आधी एवढं खरवडून होऊ दे."

वहिनी चहाचे कप उचलून घरात गेली आणि रंगाऱ्याने पुन्हा मान खाली घातली. अंगणात चार ओंडक्यांवर दादाची होडी चढवलेली होती. वर्षभर ताडपत्रीखाली पडून होती बिचारी. आता तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याआधी डेकचा जुना रंग काढून नवा द्यायचा होता, आणि हे काम दुसऱ्या कोणाला द्यायला रंगारी काही केल्या तयार नव्हता.

मागच्या वर्षी ह्या डेकला रंग त्यानेच दिला होता. डेकला नुसता रंग फासून भागत नाही. पहिला हात ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू भुरभुरायची, वाळल्यावर दुसरा हात मारायचा. मग ओल्या डेकवरही पाय धरून राहतो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं. पण त्या दिवशी अंगात सणकून ताप होता. वाळू चाळल्याचं आठवत होतं, टाकल्याचं काही आठवत नव्हतं.

महिन्याभरात दादा पाण्यात पडून गेला. होडी रिकामी परत आणली तेव्हा रंगाऱ्याने फळ्यांवरून हात फिरवला होता. ताटासारख्या गुळगुळीत! घरी येऊन पाहिलं, तर वाळूचा डबा अर्धा तसाच. संपलं. आणखी पुरावा कशाला हवा?

त्याच दिवसांत वहिनी सगळ्यांदेखत बोलली होती, "हे पाण्यावरच वाढलेले. उगाच घसरणारे नव्हेत. कोणाची चूक असेल ना, तर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही मी."

रंगाऱ्याला ना बायको, ना पोर. जेवायला हाक मारणारं हे एकच दार. म्हणून तो वर्षभर गप्प बसला, आणि वर्षभर तिच्या हातचं खात राहिला. आज मात्र सांगायचंच, मग दार बंद झालं तर होऊ दे, असं ठरवून तो आला होता.

स्क्रॅपर फळीवरून सरकला. सर्र.

त्याच्या अंगावर काटा आला. वर्षभर हाच आवाज त्याच्या कानात होता. दादाचा पाय सरकतोय, सर्र, आणि पुढे काहीच नाही. सकाळपासून त्याला वाटत होतं, मागच्या टोकाशी कोणीतरी उकिडवं बसलंय आणि त्याचं काम बघतंय. दोनदा वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तरी होडी त्या बाजूला जराशी कलली आहे, असं वाटायचं ते वाटतच राहिलं.

"आज सांगतो रे दादा," तो पुटपुटला. "किती बघशील असा?"

त्याने गुडघ्यांच्या गाद्या पुन्हा आवळून बांधल्या. वहिनीने जुन्या पँटीच्या शिवल्या होत्या त्या, दादासाठी. दादाने एकदाच बांधल्या, म्हणे लोक हसतात. वहिनीचे हात रिकामे राहायचेच नाहीत. खिडक्या, स्टुलं, कुंड्या, सगळं तिने डेकच्या उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवून टाकलं होतं. मी फार वेळ एका जागी बसलो तर ही मलाही रंगवेल, असं दादा चिडवायचा.

स्क्रॅपर अडखळला. खर्र.

वरचा पापुद्रा सोलून निघाला. खालीही तोच हिरवा रंग, पण खरखरीत. रंगाऱ्याने त्यावर बोट फिरवलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात खरवडलं, मग मधे. सगळीकडे वाळू! एकसारखी, त्याच्याच हातची. डब्यातली अर्धी वाळू उरली होती, म्हणजे अर्धी इथे पडली होती. एवढी साधी गोष्ट वर्षभर त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

"टाकली होती रे दादा! मी टाकली होती!" तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. मग त्याने हाक मारली, "वहिनी! अहो वहिनी!"

वहिनी हात पुसत धावत आली. उघडी पडलेली फळी बघून ओशाळली.

"अगंबाई! सापडली का माझी चोरी? वरचा हात माझा आहे, भावजी. रागावू नका. तुमचं काम इतकं खरखरीत झालं होतं, की जाळी ओढताना ह्यांचे गुडघे सोलून निघायचे. गाद्या तर बांधायचे नाहीत. मग हे दोन दिवस परगावी गेले, तेव्हा उरलेला रंग दिला मारून. आल्यावर बघतच राहिले. मग हसले, म्हणाले, झकास! धाकट्याला मात्र बोलू नकोस, चिडेल." तिने डोळे टिपले. "चारच दिवस मिळाले हो त्यांना त्याच्यावर चालायला."

रंगाऱ्याने सोललेला पापुद्रा उचलून वरून बोट फिरवलं. ताटासारखा गुळगुळीत.

वहिनीने सहज त्या जागेवर हात ठेवला. तिची बोटं थांबली. त्याने नव्या रंगासाठी आणून ठेवलेल्या वाळूच्या उघड्या डब्याकडे तिने पाहिलं.

"भावजी, ही वाळू... मुद्दाम टाकतात का हो?"

"छे!" त्याने डब्याचं झाकण लावलं. "ही फटी भरायला आणलीय. आणि खाली लागतोय तो कचरा. रंग गाळला नव्हता मी."

"मग हे घसरले कशाने?"

रंगाऱ्याने एकदा मागच्या टोकाकडे पाहिलं. मग गुडघ्यांच्या गाद्या सोडल्या, घडी करून तिच्या हातात दिल्या.

"तेच सांगायचं होतं सकाळपासून. माझ्या रंगात तेल जास्त झालं होतं, वहिनी. वरून कोणी कितीही हात मारले असते, तरी ते तेल वर आलंच असतं. दादा माझ्यामुळे गेला."