दहापैकी दहा

सासूबाईंनी अंथरूण धरल्याला तीन वर्षं झाली, पण त्यांची चादर बदलायची म्हटलं की नवऱ्याचं एकच पालुपद, “मला नाही गं जमत. आईला दुखलं-खुपलं तर?”

लोकांना शिकवायचे धडे कसे आखावेत, यात ती ऑनलाइन एमए करत होती. शेवटच्या प्रकल्पात घरातल्या कुणाला तरी न येणारं काम शिकवायचं होतं. तिने दातओठ खात नवऱ्यासाठीच धडा केला. आईला कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी सरकवायची, सगळं सहा व्हिडिओंत, आणि शेवटी दहा प्रश्न. पठ्ठ्याने दहाच्या दहा बरोबर सोडवले!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना वळवताना तिला घाम फुटला, तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला,

“चुकतेयस तू. आधी खांदा, मग कंबर.”