चेअरमनच्या न्हाणीतलं पाणी

"पाणी! आरं, पाणी चाललं माझ्या घरातनं! पाणी!"

चेअरमन विठ्ठलराव धोतराचा सोगा हातात धरून दारात बोंबलत होते. आवाज पार उताराच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. मागं न्हाणीच्या भिंतीतला दोन इंची पाईप फुटलता आन् धार समोरच्या भिंतीवर थाडथाड आपटत होती.

पाशा फिटर थैली घेऊन आला, तर ओसरीत घोटाभर पाणी. एवढं पाणी त्यानं महिनाभरात बघितलं नव्हतं. त्याची लेक शहजादी बाळंतपणाला घरी आलती. नऊ दिसांचं पोर, आन् त्याला आंघोळ फकस्त दोनदा. पाशाची बायको आमिनाबी फडकं ओलं करून पोराचं अंग पुसायची आन् तेच फडकं पिळून पुन्हा वापरायची.

त्या साली गावच्या विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले. पाणी राहिलं ते टेकाडावर, पाणी-सोसायटीच्या हौदात. लोकांना वाटलं, निदान प्यायला तरी हाय. तर सोसायटीची बैठक बसली. सहा संचालकांचे सहा हात वर गेले आन् ठराव झाला, हौदातलं समदं पाणी संचालकांच्या मोसंबीला. खाली सही चेअरमनची. उद्या सकाळी पाणी सुटणार होतं.

हौदाचा पाईप पहिल्यांदा चेअरमनच्याच न्हाणीत यायचा, मग पुढं बागांकडं.

"पाश्या, बघत काय उभा राहिला बे? बंद कर!"

"हौदाचा कॉक कुटंय, चेअरमन?"

"दारापुढं, चेंबरात."

पाशा बाहेर आला. चेंबरच्या झाकणावर चेअरमनची जीप उभी. मागचं चाक बरोबर मधोमध.

"जीप काढा."

"चावी ड्रायव्हरनं नेली. नांदूरघाटच्या बाजाराला गेलाय."

"मग ढकलू."

"गिअरमधी हाय ती. आन् माझ्या जीपला कुणी हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो!"

पाशाला मनातल्या मनात हसू फुटलं. एवढा मोठा चेअरमन, आन् आपल्याच कॉकवर आपलीच जीप लावून बसलाय.

तेवढ्यात खालच्या गल्लीची छबुबाई घागर घेऊन उंबऱ्याशी आली. मागं चार बाया, त्यांच्या मागं धा.

"चेअरमन, वाया चाललंय. भरून घिऊ का?"

"खबरदार आत पाय टाकला तर!" विठ्ठलराव गरजले. "आधी चपला काढा! ओसरी सारवलेली हाय माझी!"

घोटाभर पाण्यात ओसरी दिसत बी नव्हती. छबुबाईनं चपला काढल्या आन् थेट न्हाणीत शिरली. मग काय, रांगच लागली. घागरी, डबे, पराती, एकीनं तर पीठ मळायची काटवट आणलती.

गहिनीनाथ पळत आला. संचालक गडी, मोसंबीची चारशे झाडं. आल्या आल्या त्यानं कपाळाला हात लावला.

"चेअरमन, वरडता कावून? सगळं गाव गोळा केलं तुमी!"

"घर बुडालं माझं, वरडू नको तर भजन म्हणू?"

"ए पाश्या, पाईप सरळ काप आन् बूच मार!"

पाशानं थैलीत हात घातला. पाना होता, पक्कड होती. करवत न्हाई. परवा ह्याच घरी मोटर बघायला आला, तवा करवतीला नवंकोरं पातं टाकलतं. अजून एक पाईप कापला नव्हता तिनं. एरवी त्याला घामच फुटला असता. आज त्याला गुदगुल्या झाल्या.

"करवत न्हाई, मालक. घरी राहिली."

"मग घरनं आण!"

पाशा निघाला. नवरदेवाच्या घोड्यामागं चालावं तसा निघाला. घरी जाऊन बायकोला म्हणला, "आमिना, पाळणा सोडून घरातलं समदं भांडं काढ आन् चेअरमनच्या न्हाणीत जा."

करवत त्यानं खरंच शोधली. घरी बी न्हवती. तसाच रमत-गमत रिकाम्या हातानं माघारी आला.

गहिनीनाथला दम निघंना. त्यानं पोत्याचा बोळा केला आन् स्वतःच धारेत घुसला. पाण्यानं त्याला उताणा पाडला. टोपी वाहत ओसरीत आली, तिथनं दारात. एका बाईनं ती उचलली, पिळली आन् त्याच्या डोक्यावर ठिवली. समद्या बाया अशा हसल्या की घागरी हिंदकळल्या.

"पाश्या, तुझ्या बापानं बघितलीती का रं फिटरकी?" विठ्ठलराव मधी मधी वरडायचे. "ए बाया, धक्काबुक्की करू नका! म्हातारीला पुढं येऊ द्या! लुटलं रं मला, लुटलं!"

दिस कलायला लागला तशी धार बारीक झाली. मग थेंब. मग थेंब बी थांबला. हौदाचा तळ उघडा पडलता.

"तुमच्या एका घरानं सोसायटी बुडवली, चेअरमन!" गहिनीनाथ वला होऊन निघून गेला.

खालच्या गल्लीत घरोघर रांजण भरलते. शहजादीचं पोर आंघोळीच्या पाण्यात टाहो फोडून रडत होतं, ते टेकाडापर्यंत ऐकू आलं. पाशाची छाती फुगली. कुणाला सांगायचं नव्हतं, पण आज निस्तं हळू चालून त्यानं चेअरमनला हरवलं होतं.

तो थैली उचलायला गेला. विठ्ठलराव पायरीवर बसून धोतर पिळत होते. चेहरा पार पडलेला. पाशाला जरा कणव आली.

"चेअरमन, उद्या केजहून नवी करवत आणतो आन् पाईप जोडून देतो."

"कशाला उगं खर्चात पडतो?" विठ्ठलराव उठले, आत गेले आन् कागदात गुंडाळलेलं कायतरी त्याच्या हातात दिलं. "परवा इसरलतास."

मग त्यांनी बंडीच्या खिशातनं चावी काढली, जीप चालू केली आन् चेंबरवरनं सावकाश मागं घेतली.

पाशानं कागद सोडला. करवत त्याचीच होती, आन् नव्याकोऱ्या पात्याच्या दातांत पाईपाचा करडा भुसा गच्च भरलेला होता.